तोफा पोचेनात म्हणून जहाजच कललं : यूएसएस टेक्सास

भीमाकाठ (धागाकर्ती)

बाबा महिन्यातून एकदा तरी फोनवर विचारतात, "त्या म्हाताऱ्या जहाजाचं काय झालं गं?" ते जहाज म्हणजे यूएसएस टेक्सास, अमेरिकन नौदलाची जुनी युद्धनौका. २०११ च्या मार्चमध्ये आई-बाबा ह्यूस्टनला आले होते, तेव्हा सॅन जसिंटोला जाऊन आम्ही ते पाहिलं. बाबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. बाकी सगळे डेकवर तोफांपाशी फोटो काढत होते आणि बाबा इंजिनघरात उतरले ते तासभर वर आलेच नाहीत. तेव्हापासून या जहाजाबद्दल हाती लागेल ते मी वाचते आहे. युद्धनौकांचा विषय निघाला की बिस्मार्क, यामातो, आयोवा यांच्यावर भरभरून लिहिलं जातं. दुसऱ्या महायुद्धात म्हातारपणी राबलेल्या जहाजांवर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

टेक्सास नौदलात दाखल झाली १२ मार्च १९१४ रोजी, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या चारेक महिने आधी. १४ इंची १० तोफा, पाच बुरुजांत दोन-दोन. सुरुवातीला कोळशावर चालायची. १९१८ साली ब्रिटिशांच्या ग्रँड फ्लीटबरोबर उत्तर समुद्रात होती आणि जर्मन आरमार शरण आलं तेव्हा तिथे हजर होती. १९२५-२६ च्या दुरुस्तीत बॉयलर बदलून ती तेलावर आली आणि टॉर्पेडोपासून बचावासाठी दोन्ही कुशींना बाहेरून पोकळ फुगवटे बसवले. हे फुगवटे लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

इंजिनं मात्र तीच राहिली. दट्ट्यांची, तिहेरी प्रसरणाची, उभी, दोन मजली घराएवढी. १९१० च्या सुमाराच्या टर्बाइनना कोळसा फार लागे आणि पॅसिफिकसारखा समुद्र ओलांडायचा तर ते परवडणारं नव्हतं, म्हणून अमेरिकन नौदलाने जुनी पद्धत धरून ठेवली होती. बाबांनी मला तिथेच समजावलं : "आमच्या इंजिनात वाफ एकदा काम करायची आणि धुराड्यातून निघून जायची. इथे तीच वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये, मग मधल्या, मग मोठ्या. चरकात ऊस एकदा पिळला तरी चोथ्यात रस असतोच, तो पुन्हा घालतात ना, तसं."

अशा इंजिनांवर वेग मिळायचा जेमतेम ताशी २० सागरी मैल. १९४१ साली विमानवाहू जहाजं तिशी ओलांडत होती. त्यांच्याबरोबर पळणं टेक्सासला शक्य नव्हतं. मग अशा जहाजाला कामं मिळतात ती काफिल्यांच्या राखणीची. अमेरिका युद्धात उतरायच्या आधी, २० जून १९४१ ला, अटलांटिकमध्ये यू-२०३ या जर्मन पाणबुडीला ती दिसली आणि कित्येक तास पाणबुडी तिच्या मागावर होती. टेक्सास नागमोडी चालत होती, त्यामुळे पाणबुडीला मारा करायला जागाच साधता आली नाही. जहाजावर कुणाला याचा पत्ताही नव्हता.

शत्रूवर तिची पहिली मोठी गोळाफेक झाली नोव्हेंबर १९४२ मध्ये, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर. म्हणजे वयाच्या २८ व्या वर्षी! पुढे दूरदर्शनवर बातम्या सांगून अमेरिकेत घराघरांत पोचलेले वॉल्टर क्रॉन्काइट तेव्हा तरुण बातमीदार म्हणून याच जहाजावर होते.

आता नॉर्मंडी, फ्रान्सचा तो किनारा जिथे दोस्त सैन्य उतरलं. ६ जून १९४४, पहाटे ५ वाजून ५० मिनिटं. ओमाहा किनाऱ्याच्या पश्चिमेला पॉइंट द्यू ऑक नावाचा साधारण ३० मीटर उंच कडा आहे. त्यावर जर्मनांनी १५५ मिलिमीटरच्या तोफा बसवल्याची माहिती होती. टेक्सासने ३४ मिनिटांत त्या कड्यावर १४ इंची २५५ गोळे टाकले. एकेक गोळा सहाशे किलोंच्या आसपास. मिनिटाला सात-साडेसात गोळे, आणि ते चढवणारी यंत्रणा १९१४ ची. त्यानंतर लेफ्टनंट कर्नल जेम्स रडर यांचे सव्वादोनशे रेंजर, म्हणजे अमेरिकन कमांडो, दोर आणि शिड्या लावून तो कडा चढले.

दुपारपर्यंत ओमाहावर पायदळ वाळूतच अडकून पडलं होतं. तेव्हा टेक्सास किनाऱ्यापासून जेमतेम ३,००० यार्डांवर आली आणि तिने व्हिएरव्हिलकडे जाणाऱ्या घळीवर मारा केला. वीसएक किलोमीटर पल्ल्याच्या तोफा जवळजवळ आडव्या धरून! दुसऱ्या दिवशी तिने दोन उतरण-होड्या भरून दारूगोळा आणि अन्न कड्यावरच्या रेंजरांना धाडलं, आणि त्याच होड्यांतून त्यांचे ३५ जखमी जहाजावर आणले.

आणि १५ जून. ज्याच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. तोवर आघाडी आत सरकली होती आणि पायदळाला हवी ती लक्ष्यं पल्ल्याबाहेर गेली होती. टेक्सासच्या तोफा १५ अंशांपेक्षा वर उचलताच येत नसत. नेवाडासारख्या तिच्या मागून आलेल्या जहाजांच्या तोफांना मधल्या काळात दुरुस्ती होऊन ३० अंश मिळाले होते, हिला नाही. मग त्यांनी उजव्या कुशीच्या फुगवट्यात समुद्राचं पाणी भरून घेतलं. उजवी बाजू खाली बसली, डावी वर आली, जहाज दोन अंश कललं. त्या दोन अंशांवर तोफा डागल्या.

जहाज बुडू नये म्हणून बसवलेल्या पोकळीत आपणहून पाणी घ्यायचं. मला हे वाचून आजही भरून येतं.

चेरबुर्ग, पॅसिफिक आणि नंतरचं प्रतिसादांत लिहिते. पोस्ट फार लांबली.

•••

तोफखाना

ताई, उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी सैन्यात तोफखान्यात होतो, म्हणून त्या दोन अंशांबद्दल थोडं.

१५ अंशांवर दोन अंश म्हणजे किरकोळ वाटेल. पण तोफेचा कोन कमी असताना प्रत्येक अंश पल्ल्यात चांगलीच भर घालतो. ४५ अंशांजवळ तेच दोन अंश काही देत नाहीत. म्हणजे ही युक्ती टेक्सासलाच इतकी उपयोगी पडली, कारण तिच्या तोफा खुज्या होत्या. दुसरी बाजू अशी की कललेल्या डेकवर बुरूज फिरवायचा म्हणजे सगळं गणित तिरकं होतं. तोफेची कूस आडवी नसेल तर गोळा दिशाही सोडतो. ते सांभाळून त्यांनी मारा केला, हे मला जास्त मोठं वाटतं.

आणि गोळा पडला कुठे हे जहाजावरून दिसत नाही. आमच्याकडे ओपी म्हणजे निरीक्षक असतो, पुढे जाऊन बसलेला. नॉर्मंडीत जहाजांची स्वतःची तरती विमानं फार हळू होती, जर्मन लढाऊ विमानांपुढे टिकली नसती. म्हणून जहाजांवरच्या अमेरिकन नौदल वैमानिकांना ब्रिटनमध्ये स्पिटफायर चालवायला शिकवलं आणि त्यांनी वरून गोळ्यांची दुरुस्ती सांगितली. कालपर्यंत तरतं विमान उडवणारा माणूस स्पिटफायरमध्ये! त्या वैमानिकांवर वेगळा धागा व्हायला हवा.

•••

अश्वत्थ

लेख आवडला, पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पॉइंट द्यू ऑकच्या तोफा तिथे नव्हत्याच. जर्मनांनी त्या आधीच काढून आत फळबागेत झाकून ठेवल्या होत्या. २५५ गोळे रिकाम्या चौथऱ्यांवर पडले. त्या तोफा शेवटी निकामी केल्या दोघा रेंजरांनी, पायी शोधत जाऊन, थर्माइट ग्रेनेड लावून. ओमाहावरसुद्धा खरी मदत झाली ती विनाशिकांची. त्या किनाऱ्यापासून हजारेक यार्डांवर, तळ वाळूला लागेल इतक्या आत आल्या आणि एकेक बंकर टिपत गेल्या. मोठ्या तोफांचा आवाज मोठा, पण हिशोब मांडला तर हाती काय लागलं? इवो जिमा या जपानी बेटावरही हेच झालं. मरीननी दहा दिवसांची गोळाफेक मागितली होती, मिळाली तीन दिवस, आणि जपानी सैनिक बोगद्यांत सुरक्षित होते.

•••

भीमाकाठ

अश्वत्थ, तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत. विनाशिकांबद्दल तर शंभर टक्के. त्यांच्याबद्दल मी लिहायला हवं होतं.

पण रिकाम्या चौथऱ्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कड्यावर तोफा नसल्या तरी माणसं होती, मशीनगन होत्या. सव्वादोनशे माणसं दोराला लोंबकळत चढत असताना वरच्यांनी खंदकातून डोकं वर काढू नये, एवढ्यासाठी ती गोळाफेक होती. शिवाय कड्याचा काही भाग कोसळून खाली ढिगारा झाला, त्यामुळे चढ थोडा कमी झाला. तिथली खड्ड्याखड्ड्यांची जमीन आजही तशीच ठेवली आहे. दोन दिवसांनी त्या सव्वादोनशेंपैकी लढू शकतील असे ९० च्या आसपासच उरले होते, म्हणजे गोळाफेकीने सगळं सोपं केलं असं मी म्हणणारच नाही. मला त्या सकाळच्या २५५ गोळ्यांइतक्याच दुसऱ्या दिवशीच्या दोन होड्या महत्त्वाच्या वाटतात. जहाज तिथून हललं नव्हतं, म्हणून होड्या गेल्या.

आता चेरबुर्ग. २५ जून १९४४. फ्रान्समधलं ते बंदर दोस्तांना तातडीने हवं होतं. फेर्मांव्हिलजवळ जर्मनांची हॅम्बुर्ग नावाची तोफशाळा होती, २४० मिलिमीटरच्या चार तोफा, जाड काँक्रीट आणि पोलादाआड. तिच्यासमोर टेक्सास आणि तिच्याहूनही जुनी आर्कान्सा. दुपारी बारानंतर सुरू झालेली ही लढत तीनपर्यंत चालली. जर्मन गोळे जहाजाच्या अलीकडे-पलीकडे सतत पडत होते. विनाशिका धुराचे पडदे टाकत होत्या. सव्वा वाजता एक गोळा नियंत्रण-मनोऱ्याच्या माथ्याला घासून सुकाण-पुलाखाली फुटला. बरेच जण जखमी झाले. सुकाणूवर असलेला खलाशी क्रिस्टन ख्रिस्टेन्सेन मारला गेला. कॅप्टन चार्ल्स बेकर वाचले.

त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांतच टेक्सासच्या गोळ्याने हॅम्बुर्गच्या चारांपैकी एक तोफ कायमची बंद केली. त्या दुपारी तिने २०६ मोठे गोळे डागले. अश्वत्थ, तुमच्या हिशोबाने २०६ गोळ्यांत एक तोफ, हे मला मान्य आहे. पण त्या तीन तासांत त्या तोफा जहाजांशी झुंजत होत्या, शहरात शिरणाऱ्या पायदळावर वळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथला जर्मन सेनापती शरण आला.

याच लढतीत आणखी एक २४० मिलिमीटरचा गोळा डाव्या बाजूने नाळेजवळ आत घुसला आणि एका वॉरंट ऑफिसरच्या खोलीत जाऊन पडला. फुटला नाही. तो नंतर निकामी केला आणि जहाजावरच ठेवला. आम्ही गेलो तेव्हा पाहिला होता. बाबांनी त्याच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

•••

मीरा_क

मला तोफांमधलं कळत नाही, पण त्या सुकाण्याचं नाव वाचून थांबले. दोन महायुद्धांत किती माणसं गेली या जहाजावरची?

•••

भीमाकाठ

मीरा, शत्रूच्या माऱ्यात जहाजावर मारला गेलेला तो एकटाच. १९१४ पासून १९४५ पर्यंत, उत्तर समुद्र, मोरोक्को, नॉर्मंडी, चेरबुर्ग, दक्षिण फ्रान्स, इवो जिमा, ओकिनावा, एवढ्या सगळ्यात एक. शेजारच्या जहाजांकडे पाहिलं की हे किती दुर्मीळ ते कळतं. नेवाडावर पर्ल हार्बरला एका सकाळी ६० जण गेले आणि ओकिनावाजवळ कामिकाझे (जपानी आत्मघाती विमान) आदळून पुन्हा ११.

म्हणूनच तो एक विसरता येत नाही. संख्या मोठी असली की आपण संख्या लक्षात ठेवतो. इथे नाव लक्षात राहतं.

•••

गोदीवाले

भीमाकाठ, लेकी, छान लिहिलंस. मी ३४ वर्षं मुंबईत गोदीत काढली, जहाजांच्या बुडाचं काम. त्यामुळे तुझ्या लेखातल्या फुगवट्यांवर माझं लक्ष वेगळ्या कारणाने गेलं.

जहाजाला सगळ्यात जास्त गंज लागतो तो पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पट्ट्यात. चालतं जहाज ठरावीक काळाने सुक्या गोदीत येतं, खरवडलं जातं, रंगवलं जातं. संग्रहालय झालेलं जहाज एकाच जागी वर्षानुवर्षं उभं राहतं. फुगवट्यासारख्या बंद पोकळीत ओल साठली की पत्रा आतून खाल्ला जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. टेक्सासचं पुढे काय झालं असेल ते मी न वाचता सांगू शकतो.

आपली पहिली विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. संग्रहालय म्हणून मुंबईत उभी होती, शाळेची मुलं बघायला यायची. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर गॅसकटर चालला. मी एक दिवस बघायला गेलो. १९७१ ला जिने बंगालच्या उपसागरातून विमानं सोडली त्या जहाजाची कूस उघडी पडली होती. पुन्हा गेलो नाही. जहाज टिकवायला प्रेम लागतं हे खरं, पण त्याआधी दर काही वर्षांनी सुकी गोदी लागते, आणि तिचा खर्च कुणीतरी कायमचा अंगावर घ्यावा लागतो.

•••

शिडाचं_गलबत

गोदीवाले काका, विक्रांतचं वाचून वाईट वाटलं. एक चांगली आठवण जोडतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली अजून पाण्यावर आहे. १८१७ च्या ऑक्टोबरात मुंबईत पाण्यात उतरली, मलबारच्या सागवानाची. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. मी न्यूकॅसलला असताना दोनदा पाहिली. दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी सांगाडा बव्हंशी मूळ लाकडाचाच आहे. सागाला वाळवी धरत नाही आणि तो गंजतही नाही. पोलादाचं तसं नाही, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं.

ताई, आर्कान्साचं पुढे काय झालं?

•••

भीमाकाठ

काका, तुम्ही न वाचता जे सांगितलंत तेच झालं. ते शेवटी लिहिते.

आधी आर्कान्सा. १९४६ मध्ये बिकिनी प्रवाळबेटांवर अमेरिकेने अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या आणि लक्ष्य म्हणून जुनी जहाजं उभी केली. २५ जुलैच्या पाण्याखालच्या स्फोटात आर्कान्सा बुडाली. टेक्सासची सख्खी बहीण न्यूयॉर्क आणि नेवाडा या दोघी तिथेच होत्या आणि दोन्ही स्फोटांतून तगल्या. पण किरणोत्साराने निरुपयोगी झाल्या म्हणून १९४८ च्या जुलैत हवाईजवळ आपल्याच नौदलाने तोफा आणि टॉर्पेडो डागून बुडवल्या. ओमाहावर टेक्सासच्या बाजूला उभी असलेली, तिच्यासारखीच राबलेली आर्कान्सा प्रवाळात उलटी पडली आहे. हे वाचताना मला राग येतो, अजूनही.

पॅसिफिकबद्दल थोडक्यात. दक्षिण फ्रान्सनंतर १९४४ च्या हिवाळ्याआधी न्यूयॉर्कला तिच्या तोफांच्या नळ्या बदलल्या, कारण जुन्या मारा करून झिजल्या होत्या. १६ फेब्रुवारी १९४५ पासून इवो जिमा, मार्चअखेरीपासून ओकिनावा. ओकिनावाला तिने मुख्य तोफांचे २,०१९ गोळे डागले आणि माणसं जवळजवळ ५० दिवस लढाईच्या जागी सज्ज राहिली. तिथेच जेवायचं, तिथेच आळीपाळीने डुलकी काढायची. वरून कामिकाझे कधी येतील सांगता येत नसे. आणि खाली इंजिनघरात, उष्ण कटिबंधातल्या उन्हात, वाफेच्या सिलिंडरशेजारी माणसं तेलाची बुधली घेऊन फिरत होती. बाबा तिथे उभे राहून म्हणाले होते, "वरच्यांना निदान दिसत तरी होतं काय येतंय ते." युद्ध संपल्यावर तिने हजारो सैनिक पॅसिफिकमधून घरी आणले.

तिच्या वाट्याला बिकिनी आली नाही, कारण टेक्सास राज्याने तिला मागून घेतलं. बाल्टिमोरहून ओढून आणायला २,२५,००० डॉलर लागले. २१ एप्रिल १९४८ ला सॅन जसिंटोच्या रणभूमीजवळ तिचं संग्रहालय झालं.

आणि काका, मग तुमचा गंज. १९८८ ते ९० सुक्या गोदीत काम झालं, पण नंतर तीस वर्षं पुन्हा पाण्यातच. २०१२ मध्ये मोठी गळती लागली. २०१७ मध्ये एका रात्रीत कुशीत पाणी शिरून जहाज सहा अंश कललं. ज्या पोकळीत १९४४ साली स्वतःहून पाणी घेतलं होतं तशाच ठिकाणी, या वेळी कुणी न मागता. ती बातमी वाचली तेव्हा बाबांना सांगायचा धीर मला दोन दिवस झाला नव्हता. राज्याने २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दिले आणि ३१ ऑगस्ट २०२२ ला टगबोटींनी तिला ह्यूस्टनच्या खाडीतून गॅल्व्हस्टनच्या गोदीकडे नेलं. मी किनाऱ्यावर होते. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे होते, ती दिसेनाशी होईपर्यंत.

•••

गोदीवाले

फुगवटे नवे बांधले का, की ठिगळं मारली?

•••

भीमाकाठ

नव्याने बांधले, काका. कुशींचा खराब पत्रा काढून नवीन पोलाद घातलं. २०२४ च्या मार्चमध्ये ती पुन्हा तरंगली. आता कायमची गॅल्व्हस्टनलाच राहणार आहे, डेकवर नवं लाकूड बसवलं जातं आहे.

•••

तोफखाना

गोदीवाले काकांना हे ऐकून बरं वाटलं असेल. ताई, इंजिनघरात लोकांना उतरू देणार का? तुमच्या बाबांना पुन्हा नेणार का?

•••

भीमाकाठ

तोफखाना, इंजिनं जागेवर आहेत. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ मध्येच त्यांना ऐतिहासिक ठेवा म्हणून मान दिला आहे, त्यामुळे त्यांना कुणी हात लावणार नाही.

बाबा आता ८१ वर्षांचे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काल त्यांना तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. काकांचा पहिला प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग मी म्हटलं, "बाबा, तिथल्या शिड्या आठवतात ना, सरळ उभ्या आहेत." ते म्हणाले, "आठवतात. नऊ पायऱ्या आणि मग वळण. मी बसून-बसून उतरेन, तू खालून बॅटरी धर."